कणगीतला कार्बन

कोकण रेल्वेने येताना खिडकीशी बसून स्टेशनांच्या पाट्या वाचायची मला सवय आहे. संगमेश्वर रोड. राजापूर रोड. वैभववाडी रोड. नांदगाव रोड. सावंतवाडी रोड. हे शेवटचं ‘रोड’ म्हणजे रेल्वेने प्रवाशाला दिलेली प्रामाणिक ताकीद असते: बाबा रे, गाव इथे नाही, इथून गावाकडे रस्ता जातो, पुढचं तुझं तू बघ. रत्नागिरीच्या नावाला हे शेपूट नाही, पण लावलं असतं तर कोणी हरकत घेतली नसती. स्टेशन कुवारबावला आणि बाजारपेठ पाच-सहा किलोमीटरवर.

यात रेल्वेची चूक काढायची नाही. समुद्राजवळ आलं की आपल्या नद्यांच्या खाड्या होतात, पात्रं रुंदावतात, पूल लांबतात. म्हणून रूळ आत, डोंगरांच्या बाजूने गेले. तरीसुद्धा ९१ बोगदे आणि दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल बांधावे लागलेच. २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सगळा मार्ग सुरू झाला. २०२२ मध्ये त्याचं विद्युतीकरण पूर्ण झालं. म्हणजे आज मुंबईहून निघालेला माणूस तीनशेच्या वर किलोमीटर डिझेलचा थेंब न जाळता येतो आणि उरलेल्या सहा किलोमीटरसाठी रिक्षा करतो, नाहीतर घरून कोणीतरी गाडी घेऊन त्याला न्यायला येतं.

ते सहा किलोमीटर कोणी ठरवले? त्या माणसाने नाही, रिक्षावाल्यानेही नाही. ते कागदावर ठरले, तीसेक वर्षांपूर्वी, आणि पुढची पन्नास वर्षं रोज, प्रत्येक गाडीला, हजारो माणसं ते फेडत राहणार आहेत. मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. पेट्रोल पंपावर जळतं असं आपण समजतो, पण त्यातलं बरंचसं आधीच नकाशावर जळून गेलेलं असतं.

आमच्या शेजारच्या काकांना हे बोलणं पटत नाही. “अरे, आपल्या नाक्यावरचा रस्ता रुंद केला म्हणून तिकडे हिमालयातलं बर्फ वितळतं होय? काहीतरीच!” काकांचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी कणगी उघडावी लागते.

ज्यांच्या घरी कणगी होती त्यांना ‘कार्बन बजेट’ वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आगोट जवळ आली की घरात सगळी बेगमी व्हायची. मीठ, मिरची, सुकी मासळी, सरपण, आणि बांबूच्या, शेणाने सारवलेल्या कणगीत भात. एकदा पाऊस लागला, पऱ्ये भरले, होड्या वर ओढल्या की बाहेरून काही यायचं नाही. रोज किती मापटी काढायची हा आजीचा अधिकार, पण कणगीत एकूण किती आहे हे तिच्याही हातात नव्हतं. आषाढात पाहुणे येऊन चार दिवस जोरात जेवले तर श्रावणात पेज पातळ व्हायची. त्यात कोणाचा हट्ट चालत नसे.

हवेचंही असंच आहे. कार्बन डायऑक्साइड एकदा वर गेला की त्यातला मोठा भाग शेकडो वर्षं तिथेच राहतो. म्हणून यंदा किती सोडला याहून आजवर एकूण किती सोडला याला जास्त महत्त्व. तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायची तर माणसाने आता एकूण आणखी किती सोडायचा याला ठरावीक मर्यादा आहे. ती मर्यादा म्हणजे कार्बन बजेट. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने २०२१ च्या अहवालात कणगी मोजली होती: १.५ अंशांच्या आत राहण्याची निम्मी-निम्मी शक्यता धरली तर २०२० पासून पुढे ५०० अब्ज टन. जग वर्षाला साधारण ४० अब्ज टन सोडतं. पाच वर्षांचे दोनशे गेले म्हणजे तीनशे उरायला हवे होते. पण शास्त्रज्ञांनी २०२५ च्या सुरुवातीचा हिशेब नव्याने मांडला तेव्हा हाताला लागले जेमतेम १३० अब्ज टन. खर्च तर झालाच, शिवाय आधीचं मापच थोडं सढळ होतं असं निघालं. कणगीत घूस शिरली होती म्हणा ना. २०२५ च्या सुरुवातीपासून धरला तर आजच्या वेगाने हा साठा तीन-साडेतीन वर्षांचा. दोन अंशांची कणगी बरीच मोठी आहे, पण तिलाही तळ आहेच.

आता आपल्या देशाचं वचन. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत पंतप्रधानांनी जाहीर केलं की भारत २०७० पर्यंत नेट झिरो होईल, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घेऊ. ऑगस्ट २०२२ मध्ये आणखी दोन आकडे अधिकृतपणे कळवले गेले. विजेच्या स्थापित क्षमतेपैकी ५० टक्के २०३० पर्यंत कोळसा-तेल-वायूखेरीज इतर मार्गांनी असेल. आणि अर्थव्यवस्थेची उत्सर्जन तीव्रता २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी घटवू. यातलं पहिलं २०२५ मध्येच, मुदतीच्या पाच वर्षं आधी, गाठलं गेलं. (क्षमता अर्धी झाली याचा अर्थ अर्धी वीज तशी झाली असा नाही. सूर्य रात्री नसतो, आणि प्रत्यक्ष वापरातली बरीचशी वीज अजून कोळशाचीच आहे. व्हॉट्सअॅपवर या दोन गोष्टींची सरमिसळ फार होते.)

दुसरं वचन जरा फसवं वाटतं, म्हणून थांबून बघू. तीव्रता म्हणजे एक रुपया कमावताना किती धूर झाला. एका आंबा बागायतदाराने ठरवलं की पेटीमागे जळणारं डिझेल ४५ टक्क्यांनी कमी करीन. आधी पेटीमागे १०० मिली जळायचं, आता ५५. शाब्बास. पण पेट्या तिप्पट झाल्या असतील तर एकूण डिझेल १०० चं १६५ झालं. वचन पाळलं गेलं आणि धूरही वाढला, दोन्ही खरं. गरीब देशाने असं वचन द्यावं यात लबाडी नाही. आपला माणशी कार्बन वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकेचा चौदाच्या आसपास. जागतिक पंगतीत आधी कोण जेवलं हे विचारायचा आपला हक्क आहेच. पण कणगीला हे समजत नाही, तिला फक्त एकूण समजतं.

आणि या वचनात राज्याला, शहराला, खात्याला वाटणी नाही. वाहतुकीने एवढे टन, सिमेंटने एवढे, असं काही लिहिलेलं नाही. देशाच्या ऊर्जेतून होणाऱ्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा साधारण १२ टक्के, आणि त्यातला ९० टक्क्यांच्या आसपास रस्त्यावरच्या वाहनांचा. शहरात हे प्रमाण चढतं. मुंबईने मार्च २०२२ मध्ये स्वतःचा हवामान कृती आराखडा काढला, त्यात २०१९ चं उत्सर्जन २ कोटी ३४ लाख टन आणि त्यात वाहतूक सुमारे २० टक्के असं निघालं. मुंबईने निदान वही उघडली. रत्नागिरी, चिपळूण, मालवण, अलिबाग असल्या गावांकडे अशी वही माझ्या तरी पाहण्यात नाही, आणि गाव कुठल्या बाजूला वाढणार हे मात्र आत्ता, याच दहा-पंधरा वर्षांत ठरतं आहे.

थोडी आकडेमोड

कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर हा हिशेब चौथीतलं पोरही करील. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, एक लिटर डिझेलचा सुमारे २.७ किलो. लिटरचं वजन एक किलोहून कमी आणि धुराचं दुपटीच्या वर कसं, असं काकांनी लगेच विचारलं. इंधनातला कार्बन हवेतला ऑक्सिजन पकडतो, वजन त्याचं वाढतं.

मोटरसायकल लिटरला ४५ किलोमीटर जाते धरू. किलोमीटरला ५१ ग्रॅम. डबलसीट असाल तर माणशी निम्मे. कार गावात १५ चा अॅव्हरेज देते, एकटा माणूस असेल तर १५३ ग्रॅम. एसटी लिटरला साडेचार किलोमीटर. म्हणजे बस किलोमीटरला ६०० ग्रॅम सोडते, दिसायला केवढी मोठी! पण आत तीस माणसं असतील तर माणशी २० ग्रॅम. आणि चारच असतील तर दीडशे, कारवाल्याच्या पंगतीला. एसटी पवित्र आहे असं नाही, भरलेली एसटी पवित्र आहे. आणि बारा माणसं कोंबून जाणारं वडाप, ज्याच्याकडे परवाना आहे की नाही हे विचारू नये, ते या हिशेबात मोठमोठ्या प्रकल्पांना लाजवील. सुरक्षेचं मी बोलत नाही.

आता विजेची वाहनं. भारतातल्या एका युनिट विजेमागे अजून सुमारे ७०० ग्रॅम कार्बन आहे. ई-स्कूटर युनिटला तीसेक किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला २३ ग्रॅम. उत्तमच. ई-कार युनिटला सात किलोमीटर, म्हणजे १०० ग्रॅम. पेट्रोलच्या १५३ पेक्षा बरी, आणि वीज जसजशी स्वच्छ होईल तसतशी आणखी बरी होत जाईल. पण आजच्या घडीला डिझेलची डुगडुगणारी, तीस माणसं भरलेली लाल एसटी नव्याकोऱ्या ई-कारपेक्षा माणशी पाचपट स्वच्छ आहे. टपावर ‘झिरो एमिशन’ लिहायला जागा असूनही कोणी लिहीत नाही.

वाहतुकीचे अभ्यासक उपायांचे तीन प्रकार सांगतात: प्रवास टाळा, वळवा, सुधारा. टाळा म्हणजे लांब जायची गरजच पडू नये असं गाव वसवा. वळवा म्हणजे खासगी गाडीवरून बसवर, रेल्वेवर, पायावर आणा. सुधारा म्हणजे गाडीच स्वच्छ करा. क्रम महत्त्वाचा आहे, आणि आपल्याकडे तो उलटा चालतो. ‘सुधारा’ला अनुदान मिळतं, उद्घाटन होतं, फोटो येतो. ‘टाळा’चा फोटो कसा काढणार? न झालेल्या प्रवासाची फीत कापता येत नाही.

नकाशावर जळलेलं पेट्रोल

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला. मुख्यालय कुठे? सावंतवाडी, कुडाळ, कणकवली, मालवण ही सगळी नांदती गावं असताना ओरोसला, मोकळ्या जागेवर, नवं नगर वसवायचं ठरलं. कारणं समजण्यासारखी आहेत: जिल्ह्याच्या मध्याजवळ, महामार्गालगत, रुसवेफुगवे नकोत. पण परिणाम असा की कचेरीत काम करणारे पुष्कळ जण एका गावातून येतात, काम असणारे दुसऱ्या गावातून, आणि पाचनंतर सगळे पुन्हा रस्त्यावर. एका दाखल्यासाठी मालवणातून किंवा दोडामार्गातून येणारा माणूस कार्बनचा विचार करत नाही, तो साहेब जागेवर असतील का याचा करतो. पण किलोमीटर मोजले जातातच.

हेच लहान प्रमाणात प्रत्येक तालुक्याच्या गावी घडतं. जुनी कचेरी बाजारपेठेत, जागा अपुरी, पार्किंग नाही. बाहेर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या पठारावर, स्वस्त कातळ उपलब्ध. चला तिकडे. समजा अशा संकुलात रोज दोन हजार माणसं येतात आणि ते गावापासून चार किलोमीटरवर गेलं. जाऊन-येऊन आठ, वर्षाचे तीनशे दिवस: ४८ लाख माणूस-किलोमीटर. सगळे एकेकटे मोटरसायकलवर आले तर वर्षाला २४५ टन. भरलेल्या बसने आले तर ९६ टन. आणि संकुल गावातच राहिलं असतं, लोक बाजारहाट करता करता चालत आले असते, तर जवळजवळ शून्य. इमारत चाळीस वर्षं उभी राहते. म्हणजे एका सहीने जवळपास दहा हजार टन. नंतर छपरावर कितीही सोलर पॅनेल लावले तरी ही सही पुसली जात नाही. आणि ज्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणजे म्हाताऱ्या, शाळकरी मुलं, पायाने अधू माणसं, त्यांच्यापुरतं ते संकुल चार किलोमीटर नाही, चाळीस किलोमीटर लांब जातं.

घरातही असंच कुलूप बसतं, एकदा लागलेलं वळण मग सुटत नाही. आमच्याकडे वस्तीची एसटी असायची. रात्री शेवटच्या वाडीत मुक्काम, पहाटे कॉलेजची पोरं, दूध, मासे आणि कोर्टाची तारीख असलेला एखादा गंभीर चेहऱ्याचा गृहस्थ घेऊन निघायची. एका भागातली अशी एक फेरी ‘उत्पन्न कमी’ म्हणून बंद झाली, आणि सहा महिन्यांत त्या वाडीत चार मोटरसायकली आल्या. पंधरा किलोमीटर जाणं, पंधरा येणं, वर्षाला नऊ हजार किलोमीटर, दोनशे लिटर पेट्रोल, साडेचारशे किलोंच्या वर कार्बन. एकेकाचा. पुढे फेरी परत सुरू झाली तेव्हा तिला माणसं मिळेनात, कारण हप्ते भरून घेतलेली गाडी अंगणात उभी ठेवून स्टॉपवर कोण थांबणार? मग पुन्हा ‘उत्पन्न कमी’. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा एसट्यांना पुन्हा गर्दी दिसली. सवलतीवर वाद घालणारे घालोत, पण सरकारने तो निर्णय घेताना हवामानाचं नावही काढलं नव्हतं आणि तरी माझ्या मते राज्यातल्या चांगल्या हवामान-निर्णयांत तो मोडतो.

मग रस्ता रुंद केला तर कोंडी सुटते, गाडी कमी गियरवर रखडत नाही, धूर कमी होतो, हे खरं ना? काकांचा हुकमी पत्ता हाच. पहिली दोन-तीन वर्षं खरं. पण माळा मोठा केला म्हणून अडगळ कमी झालेलं घर कुणी बघितलंय? दुरांतों आणि टर्नर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासून २०११ मध्ये दाखवलं की रस्त्यांची लांबी जितक्या टक्क्यांनी वाढते, गाड्यांचं धावणंही जवळजवळ तितक्याच टक्क्यांनी वाढतं. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ मध्ये रुंद करून जगातल्या सगळ्यात रुंद महामार्गांपैकी एक झाला, आणि काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबत गेला. रस्ता मोकळा दिसला की लोक लांब घरं घेतात, बस सोडतात, सकाळी लवकर न जाता भर गर्दीच्या वेळी निघतात. कोणी मूर्ख नसतं, प्रत्येक जण शहाणपणाने वागतो आणि सगळे मिळून अडकतात.

शिवाय रस्त्याचा स्वतःचा कार्बन. मुंबई–गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून आपण सगळेच अनुभवतो आहोत, त्याबद्दल जास्त बोलायला नको, रक्तदाब वाढतो. एक टन सिमेंट तयार होताना साधारण ६०० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यातला अर्ध्याहून जास्त चुनखडी तापवल्यावर दगडातूनच सुटतो, म्हणजे भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी तो निघणारच. वर, कापलेले डोंगर आणि तोडलेले जुने वड-आंबे. परशुराम घाटात कापलेला डोंगर पावसाळ्यात खाली येतो तेव्हा मातीखालून तो हिशेबही बाहेर पडतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणचं एसटी आगार बुडालं, वाशिष्ठीच्या जुन्या पुलाचा भाग वाहून गेला, रेल्वे थांबली. ज्या हवामानाला आपण वाहतुकीतून बिघडवतो ते उलट येऊन आधी वाहतूकच मोडतं. बस बुडाल्या की लोक पुन्हा मोटरसायकल घेतात.

इथे वेल्सची गोष्ट सांगतो. ब्रिटनमधला हा डोंगराळ, पावसाळी, समुद्रकाठचा प्रदेश, लहान लहान गावांचा, आपला दूरचा चुलतभाऊच. ब्रिटनमध्ये २००८ च्या कायद्याने पाच-पाच वर्षांचं कार्बन बजेट ठरतं, आणि वेल्सचंही स्वतःचं असतं. वेल्सच्या सरकारने २०२१ मध्ये नव्या रस्त्यांची कामं थांबवली, तज्ज्ञांकडून एकेक प्रकल्प तपासून घेतला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये बरेचसे रद्द केले किंवा बदलले. त्यात मेनाई सामुद्रधुनीवरचा तिसरा पूलही गेला. पलीकडच्या अँगलसी बेटावरची माणसं भडकली, आणि का नाही भडकणार? नुकताच काही महिने जुना झुलता पूल दुरुस्तीसाठी बंद होता. हे वाचताना मला दाभोळच्या खाडीवर उभं राहिल्यासारखं वाटलं.

कारण खाडीचं गणित सरळ नाही. दापोलीहून गुहागरला चिपळूणवरून जायचं तर शंभरएक किलोमीटर. दाभोळ–धोपावे फेरीबोटीने त्याच्या निम्म्याहून कमी. पन्नास-पंचावन्न किलोमीटर वाचले म्हणजे एका कारमागे साडेतीन लिटर, आठ किलो कार्बन. रेवस–रेडी सागरी महामार्ग, सुमारे ५०० किलोमीटरचा, खाड्यांवर पूल टाकत जाणार आहे. पूल झाला की हाच फायदा बारमाही आणि न थांबता मिळेल, आजारी माणूस वेळेवर दवाखान्यात पोचेल. मी पुलाच्या विरुद्ध नाही. पण बोट एका वेळी मोजक्याच गाड्या नेते, ती आपोआप चाळण लावते. पूल कोणालाच अडवत नाही. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईचे किती पाहुणे त्या पुलावरून नव्याने येतील, हे वाचलेल्या किलोमीटरांच्या शेजारी मांडल्याशिवाय पूल हवामानाच्या बाजूचा की विरुद्ध हे सांगता येत नाही. हे मांडलेलं मी अजून कुठल्याच चर्चेत ऐकलेलं नाही. आणि त्या पुलावरून एसटी किती फेऱ्या करणार, हे तर कोणी विचारतही नाही.

साकवाबद्दल मात्र मला शंका नाही. पऱ्यावरचा चार फुटी साकव, दोन वाड्या जोडणारा. पावसात मुलं तीन किलोमीटरच्या वळशाऐवजी तीनशे पावलांत शाळेत. तसंच पाखाड्यांचं. रस्ता डोंगराला वळसे घालत चढतो, पाखाडी सरळ. शहाण्या पूर्वजांनी जांभा दगडाच्या पायऱ्या बसवून केलेली ही शून्य-कार्बन वाहतूक आज बहुतेक गावांत रानात बुडाली आहे, कारण डांबरी रस्ता आला आणि पाखाडी साफ करायचं काम कोणाचंच उरलं नाही. शहर नियोजनात ज्याला पादचारी मार्गांचं जाळं म्हणतात ते आपल्याकडे होतं. २००६ चं राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण सांगतं की नियोजन वाहनांचं नको, माणसांचं करा. प्रत्यक्षात बांधकाम नियमावलीत बहुतेक इमारतींना कारसाठी अडीच बाय पाच मीटरची जागा ठेवणं सक्तीचं आहे. गटारावरच्या फरश्यांना फूटपाथ म्हणायचं, आणि पावसात छत्री धरून त्यावरून चालायचं धाडस करायचं, हे मात्र ऐच्छिक.

आणि आपल्याला जमत नाही असंही नाही. गणपतीत बघा. हजारो जादा एसट्या, गाड्यांवर गाड्या, ग्रुप बुकिंग केलं तर मुंबईतल्या चाळीपासून थेट वाडीपर्यंत. कोकण रेल्वे १९९९ पासून भरलेले ट्रकच्या ट्रक वाघिणींवर चढवून कोलाडहून गोव्याकडे नेते, ड्रायव्हर आपल्या केबिनमध्ये झोपलेला, इंजिन बंद. जिथे गर्दी एकाच वेळी एकाच दिशेला असते तिथे आपण जगाला शिकवू. गौरी-गणपती विसर्जन झालं की मात्र पुन्हा ज्याची त्याची मोटरसायकल.

ऑस्लो शहर २०१७ पासून पैशांच्या अर्थसंकल्पाबरोबर कार्बनचाही मांडतं: कुठल्या खात्याने कशाने किती टन कमी करायचे, आणि जबाबदार कोण. मुंबई महापालिकेनेही जून २०२४ मध्ये पहिला हवामान अर्थसंकल्प काढला, पण तो मुख्यतः कुठल्या कामावर किती रुपये याचा आहे. टनांचा होईल तेव्हा गंमत येईल, कारण मग किनारी रस्त्याला आणि बेस्टच्या बसला एकाच वहीत शेजारी शेजारी बसावं लागेल.

लहान गावाकडे एवढी यंत्रणा नाही, पण एक कागद आहे: विकास आराखडा. १९६६ च्या नगररचना कायद्याखाली तो होतो, वीसेक वर्षं पुरतो, आणि मंजुरीआधी लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. शाळा कुठे, बाजार कुठे, स्टँड कुठे, रस्ता किती रुंद, सगळं त्यात. नकाशा भिंतीवर लागला की गर्दी होते, आणि प्रत्येक जण बोट फिरवत आपला गट नंबर शोधतो. आपली जागा रस्त्यात जात नाही ना? नाही? मग चला, चहा घेऊ.

एकदा एका गावच्या अशा नकाशासमोर मी दोरा घेऊन उभा राहिलो होतो. नव्या हायस्कूलचं आरक्षण, नव्या भाजी मंडईचं आरक्षण, आणि जिथे निम्मं गाव राहतं ती जुनी वस्ती. दोरा वस्तीपासून शाळेपर्यंत ताणला आणि खालच्या मोजपट्टीवर ठेवला. तीन किलोमीटर भरला. मंडई विरुद्ध दिशेला, अडीच.

टेबलामागचे गृहस्थ बराच वेळ बघत होते. “तुमची जागा कुठली जाते?” त्यांनी विचारलं.

“कुठलीच नाही.”

“मग हरकत कशाची?”

त्यांनी फॉर्म दिला. त्यात ‘बाधित जमिनीचा गट नंबर’ असा रकाना होता. तो मी रिकामा ठेवला आणि खाली किलोमीटर लिहिले.